अकेला

मंगळवारची संध्याकाळ, साडेसहाची वेळ. चर्चच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये एकेक गाडी लागते, मागची दारं उघडतात आणि निळ्या शर्टातली, गळ्यात रुमाल बांधलेली मुलं तळघराच्या पायऱ्या उतरून दिसेनाशी होतात. काही गाड्या निघून जातात, काही तिथेच थांबतात. थांबलेल्या गाड्यांमध्ये फोनच्या उजेडात एकेक चेहरा दिसत असतो. तुमची मुलं अमेरिकेत वाढत असतील तर अशा एखाद्या गाडीत तुम्हीही कधीतरी बसला असाल. मी दोन वर्षं बसले. लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचं उरलेलं काम करायचं, नाहीतर किराण्याची यादी. शेजारच्या गाडीत ओळखीचं कुणी दिसलं तर हात हलवायचा. साडेसातला दार उघडायचं, मुलगा आत, पट्टा लावला का, चला घरी.

त्या गाडीतून खाली उतरायला मला उशीर झाला. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, कारण तुमच्यापैकी काही जण अजून गाडीतच असतील.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कब स्काउट म्हणजे किंडरगार्टनपासून पाचवीपर्यंतच्या मुलांचं स्काउटिंग. गावातल्या किंवा शाळेतल्या सगळ्या मुलांचा मिळून एक ‘पॅक’ असतो आणि एका इयत्तेच्या सहा-आठ मुलांचा एक ‘डेन’. गाठी मारणं, नकाशा वाचणं, चाकू नीट धरणं, गावच्या फूड बँकेसाठी डबे गोळा करणं, वर्षातून एक-दोनदा तंबूत राहणं, असा कार्यक्रम असतो. पहिलीपर्यंत प्रत्येक मुलासोबत घरातलं एक मोठं माणूस बसावंच लागतं. दुसरीपासून मुलाला सोडून जाता येतं. खरं सांगायचं तर आम्ही सगळे त्या दुसरीची वाट बघत होतो.

आमच्या डेनचा लीडर एसी आणि हीटिंगची कामं करायचा. दिवसभर लोकांच्या माळ्यांवर आणि तळघरांत राबून तो कामाच्याच बुटांनी यायचा. त्याचा मुलगा डेनमध्ये होता म्हणून त्याने हे काम घेतलं होतं. मदतीला त्याची बायको असे. पाइनवुड डर्बी नावाची लाकडी गाड्यांची शर्यत असते. सात इंचांचा पाइनच्या लाकडाचा ठोकळा आणि चार चाकं मिळतात, त्यातून मुलाने घरच्यांच्या मदतीने गाडी बनवायची, वजन पाच औंसांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ज्यांच्या घरी करवत नव्हती त्या मुलांना तो एका शनिवारी आपल्या गराजमध्ये बोलवायचा. आमच्या घरीही करवत नव्हती. मी मुलाला तिथे सोडून भाजी आणायला गेले होते.

एकदा पावसाच्या अंदाजामुळे त्याने कॅम्प पुढे ढकलला. आम्ही त्या शनिवार-रविवारसाठी इतर सगळे बेत रद्द केले होते. मी त्याला ईमेल लिहिली, सभ्य भाषेत पण नाराजीची. “निदान एक आठवडा आधी कळवायला हवं होतं,” असं त्यात होतं. केबल कंपनीला लिहावं तसं लिहिलं होतं मी. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात त्याने माफी मागितली होती. वेळ होती रात्री पावणेबारा.

मुलाची तिसरी संपत आली तेव्हा मे महिन्यात त्याने पालकांना खाली बोलावलं. त्याची आई आजारी होती आणि ते कुटुंब तिच्याजवळ, दुसऱ्या राज्यात राहायला जाणार होतं. “पुढच्या वर्षी डेन कोण घेईल?” त्याने विचारलं. आम्ही अकरा मोठी माणसं त्या तळघरात छोट्या खुर्च्यांवर बसलो होतो. कोणी बोललं नाही. मग एकेक कारण पुढे आलं. एकाचा प्रवास फार होता, एकीचं बाळ लहान होतं, एकाला कॅम्पिंगचा अनुभव नव्हता. मी फोन पाहिला. काही आलं नव्हतं, तरी पाहिला.

घरी येताना मुलाने विचारलं, “आई, तू हात का नाही वर केलास?” मी म्हटलं, “अरे, मला त्यातलं काय येतं?” तो म्हणाला, “त्यालाही गाठी येत नव्हत्या. तो यूट्यूबवर बघून यायचा.”

सप्टेंबरमध्ये आमच्या इयत्तेचा डेन सुरू झाला नाही. पॅक होता, इतर इयत्ता होत्या, आमची नव्हती. तीन मुलं पंचवीस मिनिटांवरच्या दुसऱ्या पॅकमध्ये गेली. माझा मुलगा रोबोटिक्स आणि टेनिसला जायला लागला. त्याचं फारसं बिघडलं नाही, आणि हेच तर मला सांगायचं आहे. ज्यांनी हात वर केले नाहीत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मुलांचं फारसं बिघडलं नाही.

डेनमध्ये एक मुलगा होता, आजीकडे राहणारा. आजी अंधार पडल्यावर गाडी चालवत नसे, पण चर्च त्यांच्या अपार्टमेंटपासून चालत पाच मिनिटांवर होतं. ऑक्टोबरच्या शेवटी तो मला वाचनालयात भेटला. पुस्तकं परत करायच्या खिडकीपाशी त्याने मला थांबवलं आणि विचारलं, “मंगळवार परत कधी सुरू होणार?” डेन नाही म्हणाला, स्काउट नाही म्हणाला, मंगळवार म्हणाला. मी मोठी आहे तर मला माहीत असणार, असं त्याला वाटलं होतं. मी म्हटलं, “बघू या.”

आता यातला नैतिक प्रश्न काय, ते पाहू. मी कोणाचं काही घेतलं नव्हतं. वेळेवर फी भरली होती, मुलाला वेळेवर सोडलं आणि वेळेवर नेलं. मग माझ्याकडे बाकी काय राहिलं होतं?

मी तेव्हा असा हिशेब केला. पियानोच्या बाईंना मी पैसे देते, त्या शिकवतात, व्यवहार पूर्ण. त्यांनी शिकवणं बंद केलं तर मी दुसऱ्या बाई शोधीन. त्यात कोणाचं वाईट वाटायचं कारण नाही. स्काउटची फी मला तशीच वाटत होती. पण त्या फीतून नोंदणी होते, विमा होतो, सामान येतं. कोणाचा मंगळवार त्यातून येत नाही. लीडरला पगार नसतो. म्हणजे मी ज्याला दुकान समजत होते तिथे गल्ल्यावर कोणीच नव्हतं. आत एक माणूस स्वतःच्या घरचं आणून वाटत होता, आणि मी बाहेर उभी राहून माल उशिरा आला म्हणून तक्रार करत होते.

अशा ठिकाणी ग्राहक होताच येत नाही. एकतर तुम्ही घडवणाऱ्यांपैकी असता, नाहीतर दुसऱ्याच्या घडवण्यावर जगणाऱ्यांपैकी. दुसऱ्याच्या घडवण्यावर जगण्यात नेहमीच पाप आहे असं मी म्हणत नाही. आजारपणात, बाळंतपणात, नोकरी गेल्यावर आपण सगळेच तसे जगतो. पण ज्याला जमत असतं तो “कोणीतरी करेल” म्हणतो, तेव्हा त्या ‘कोणीतरी’चा चेहरा आपण पाहत नाही. आमच्याकडे तो चेहरा एका एसी दुरुस्त करणाऱ्याचा होता. तो गेला तेव्हा कळलं की आमच्याकडे दुसरा ‘कोणीतरी’ नव्हताच.

त्याहून टोचणारी गोष्ट पुढची. सामायिक गोष्ट मोडली की ज्याच्याकडे पर्याय आहेत तो पर्याय घेतो. ज्याच्याकडे नाहीत तो वाचनालयात विचारत राहतो. म्हणजे मी हात वर केला नाही तेव्हा माझ्या मुलाचं नुकसान करून घेत नव्हते. त्या आजीच्या नातवाच्या नावावर तो निर्णय घेत होते, त्याला न विचारता.

तुम्ही म्हणाल, आपण मराठी माणसं अशी आळशी नाही. बरोबर आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उभं आहे ते लोकांच्या रिकाम्या वेळावरच. रविवारची मराठी शाळा आई-बाबाच चालवतात. गणपतीत तीनशे माणसांचा वरणभात मी स्वतः रांधला आहे आणि रात्री एकपर्यंत पातेली घासली आहेत. तेव्हा कारणं कुठे होती? तोच प्रवास, तीच नोकरी, तीच थकलेली कंबर. फरक एवढाच की तिथे मी ‘आपलं’ म्हणून जात होते आणि चर्चच्या तळघरात ‘त्यांचं’ म्हणून. या देशात वीस वर्षं राहून, घर घेऊन, कर भरून, मंगळवारी संध्याकाळी मी अजून पाहुणीच होते. पाहुण्याला जेवण आवडलं नाही तर तो नाक मुरडतो. ताटं उचलायला उठतो तो घरचा.

मला लहानपणचे आमचे सेवा दलाचे दादा आठवतात. राष्ट्र सेवा दल १९४१ साली सुरू झालं, आणि माझ्या लहानपणीही आमच्या तालुक्याच्या गावात मैदानावर संध्याकाळी शाखा भरायची. दादा दिवसभर पोस्टात शिक्के मारायचे आणि साडेपाचला मैदानावर शिट्टी वाजवायचे. लेझीम, खो-खो, गाणी, गोष्टी. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. माझ्या आईवडिलांनी त्यांचे कधी आभार मानलेले मला आठवत नाहीत. मी पण मानले नाहीत. मी सायकलवरून पडले तेव्हा घरच्यांच्या आधी त्यांना सांगायला गेले होते, एवढं मात्र आठवतं. मुलाला आईबाप सोडून आणखी एक मोठं माणूस लागतं, ज्याचं त्याच्यावर प्रेम असायलाच हवं असं काही बंधन नाही, आणि तरीही जे त्याच्यासाठी वेळेवर येतं. तसं माणूस मला मिळालं होतं. इथल्या कोणाच्या मुलासाठी मी ते होऊ शकते, हे मला बेचाळिसाव्या वर्षापर्यंत सुचलं नाही.

कब स्काउटमध्ये वाट दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला ‘अकेला’ म्हणतात. आईबाप, शिक्षक, डेन लीडर, कोणीही अकेला असू शकतो. हा शब्द आपल्याकडचा आहे. किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याच्या १८९४ सालच्या ‘द जंगल बुक’मधला लांडग्यांचा कळप सिवनीच्या डोंगरांत राहतो, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेला. बेडन-पॉवेलने १९१६ साली लहान मुलांसाठी ‘वुल्फ कब्ज’ सुरू केले तेव्हा त्या गोष्टीचा आधार घेतला, आणि कळपाच्या म्होरक्याचं नाव जगभरच्या तळघरांत पोचलं. मी माझ्या मुलाला सांगितलं की हिंदीत याचा अर्थ एकटा. तो विचारात पडला आणि म्हणाला, “पण लीडर एकटा का?” गोष्टीत पुढे म्हाताऱ्या अकेलाची एकदा शिकार चुकते, आणि ज्या कळपाला त्याने सांभाळलं तोच त्याच्यावर उलटतो. मला माझी ती ईमेल आठवली.

डिसेंबरमध्ये मी पॅकच्या प्रमुखांना फोन केला आणि जानेवारीत आमचा डेन पुन्हा सुरू झाला. पाच मुलं होती. मला तंबू उभारता येत नव्हता, शेकोटी पेटवता येत नव्हती. पहिल्या दिवशी गाठी होत्या. पुस्तकातल्या आकृत्या पाहून डोकं फिरलं, मग लक्षात आलं की यातल्या निम्म्या मला येतात. निरगाठ आणि सुरगाठ मला आजीने गोधड्यांचं गाठोडं बांधताना शिकवली होती. पुस्तकातली ‘स्क्वेअर नॉट’ पण हाताला लगेच जमली. मुलांनी दोन्ही मराठी नावं घोकली आणि ‘निरगाठ’ म्हणताना खो खो हसली. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने हात भाजून घेतला, थोडासाच, पण त्याच्या आईला फोन करताना माझा आवाज कापत होता. चौथ्या आठवड्यात मी नीट तयारी केली नव्हती आणि मुलांनी तळघरात एक तास नुसता गोंधळ घातला. मला त्या आधीच्या लीडरची रात्री पावणेबाराची वेळ आता कळायला लागली. मी त्याला ईमेल लिहिली. ही दुसरी ईमेल पहिल्यापेक्षा लिहायला फार कठीण गेली.

माझ्या मुलालाही हे सगळं गोड वाटलं नाही, ते सांगायला हवं. “तू सगळ्यांकडे बघतेस, माझ्याकडे बघतच नाहीस,” असं तो एकदा चिडून म्हणाला. खरं होतं ते. आपल्या मुलाला झुकतं माप द्यायचं नाही या धास्तीने मी त्याला जरा कमीच देत होते. त्यावर मला नेमका उपाय सापडलेला नाही. आम्ही एवढंच ठरवलं की मंगळवारी गाडीतून उतरल्यापासून परत बसेपर्यंत मी सगळ्यांची, आणि घरी येताना वाटेत हॉट चॉकलेट, तेव्हा फक्त त्याची. आईची वाटणी होऊ शकते हे मुलाने शिकणं काही वाईट नाही, असं मला आता वाटतं. पण ते शिकताना त्याला त्रास होतो, हेही खरं.

ज्या पाइनवुड डर्बीचा उल्लेख वर केला, तीही अशीच सुरू झाली. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचच्या एका पॅकचे प्रमुख डॉन मर्फी यांचा मुलगा दहा वर्षांचा होता, आणि मोठ्या मुलांच्या सोप बॉक्स डर्बीत भाग घ्यायला तो लहान पडत होता. म्हणून त्यांनी हातात मावेल एवढ्या गाडीची शर्यत काढली. स्वतःच्या मुलासाठी काढली, पण ती त्यांनी पॅकमधल्या सगळ्या मुलांना दिली, आणि आज तुमच्या-माझ्या घराच्या फळीवर तसली एक गाडी धूळ खात उभी आहे. आपल्या मुलापासूनच सुरुवात व्हावी, त्यात काही कमीपणा नाही. तिथेच थांबू नये, एवढंच.

आता तुमच्या मनात येत असेल ते. वेळ नाही. काहींना खरोखरच नाही. रात्रपाळीची नर्स, व्हिसाच्या टांगत्या तलवारीखाली दोन माणसांचं काम करणारा, एकटी आई, त्यांच्याकडे बोट दाखवायला मी हे लिहीत नाही. बोट माझ्यासारख्यांकडे आहे, ज्यांच्याकडे तो तास होता आणि तो पार्किंग लॉटमध्ये जात होता. शिवाय लीडर होणं हे एकच काम नाही. कोणी हिशेब ठेवतं, कोणी कॅम्पचा स्वयंपाक बघतं, कोणी नुसतं दुसरं मोठं माणूस म्हणून खोलीत बसतं.

हे शेवटचं काम क्षुल्लक समजू नका. ज्या संस्थेचं नाव २०२५ साली ‘स्काउटिंग अमेरिका’ झालं, तिने २०२० साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्या प्रक्रियेत ८२ हजारांहून जास्त लोकांनी, लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, असे दावे दाखल केले. हे माहीत असूनही मुलाला पाठवायचं का, हा प्रत्येक घराने विचारायचाच प्रश्न आहे. पण पाठवायचं ठरवलं, तर गाडीत बसून राहणं हे त्याचं उत्तर नव्हे. आज नियम असा आहे की प्रत्येक कार्यक्रमाला नोंदणी केलेले, एकवीस वर्षांवरचे किमान दोन लीडर हवेत, त्यांची पार्श्वभूमी तपासलेली हवी, प्रशिक्षण झालेलं हवं, आणि कोणाही मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर एकटं राहायचं नाही. मी आई आहे म्हणून यातला एकही नियम मला सैल होत नाही, आणि होऊही नये. पण दुसरा लीडर आलाच नाही तर त्या मंगळवारी सभा भरत नाही. म्हणजे हा नियम पाळायलासुद्धा आणखी एक पालक गाडीतून उतरावा लागतो. अकेल्याने एकटं राहायचं नाही, असं नियमातच लिहिलेलं आहे.

आणि मुलांना आपल्यापासून मोकळीक नको का? हवी. पुढे अकराव्या-बाराव्या वर्षी स्काउट ट्रूपमध्ये मुलंच मुलांचे नेते होतात आणि मोठ्यांनी मागे सरायचं असतं. तेव्हा मागे सरावं. पण मागे सरायला आधी पुढे असावं लागतं. मी दोन वर्षं मागे नव्हते, बाहेर होते.

जानेवारीत डेन सुरू करताना मी जुनी यादी काढून त्या आजीचा नंबर फिरवला. नंबर बंद होता. शाळेतून कळलं की डिसेंबरच्या सुट्टीत ते घर सोडून गेले. कुठे गेले हे शाळेने सांगितलं नाही आणि सांगायलाही नको. मी ऑक्टोबरमध्ये ‘बघू या’ म्हटलं होतं, आणि बघायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आठ-नऊ मंगळवार येऊन गेले.

लवकरच मे येईल. तुमच्याही गावात कोणीतरी छोट्या खुर्च्यांवर बसवून तुम्हाला विचारेल, पुढच्या वर्षी कोण? स्काउट असेल, सॉकर असेल, मराठी शाळा असेल. तेव्हा फोन पाहू नका. त्यात काहीही आलेलं नसेल.